सल्जुकांचा अस्त, चौथी सुधारित प्रत

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, दुबईतल्या एका मॉलमध्ये, फूड कोर्टच्या सरकत्या जिन्याखाली सल्जुक सल्तनत कोसळली. साडेचारला तिच्यावर प्लायवूड ठोकलं गेलं. साइट रिपोर्टात त्या दिवशी 'विशेष काही नाही' अशी नोंद आहे, तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून चालू.

तर निनाद करंदीकर. प्रदर्शनं उभारणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, मुक्काम डिस्कव्हरी गार्डन्स. शुक्रवारी रात्रीचं विमान, रविवारी तळेगावला आईचं सहस्रचंद्रदर्शन. आईने हजार चंद्र पाहिले होते. मुलाला रजेच्या अर्जावर एक सही पाहायची होती. ती प्रदर्शन क्लायंटच्या ताब्यात दिल्याशिवाय, म्हणजे हँडओव्हरशिवाय होणार नव्हती, आणि हँडओव्हर सल्जुकांच्या अस्तापाशी अडकला होता.

त्यांच्या उदयाला काहीच त्रास झाला नाही. गवताळ मैदानातून तुर्क घोडेस्वार येतात, इराण घेतात, बगदादला पोचतात, मलिकशाहच्या काळात राज्य भूमध्य समुद्राला टेकतं. तीन दालनं, पहिल्या फटक्यात मंजूर. चौथ्यात अस्त होता. क्लायंटचे कन्सल्टंट अक्रमसाहेब, मूळचे लाहोरचे, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी ड्रॉइंग परत पाठवलं. शेरा : 'शेवट नकारात्मक.'

"निनादभाई, फॅमिली मॉल है," ते फोनवर म्हणाले. "लोग आइसक्रीम लेके आते हैं. थोडा पॉझिटिव्ह गिराओ ना."

दुसऱ्या प्रतीत निनादने वजिराचा खून काढून त्याला निवृत्त केलं. तिसऱ्या प्रतीत सल्तनत बुडालीच नाही, तिचं 'पुनर्गठन' झालं. दोन्ही परत आल्या. तिसरीत म्हणे अक्षरं उदास दिसत होती.

"अरे, एक राज्य बुडवायला किती दिवस?" बायकोने, वैभवीने विचारलं. ती बॅगा भरत होती.

"ओरिजिनलला शंभर वर्षं लागली होती."

"बाबा, जस्ट से दे लॉस्ट," आतून शुभ्रा ओरडली.

उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन खैरुद्दीन, राजापूरचा, सुलतान संजरच्या पुतळ्याची दाढी पांढरी करत होता. निनादने त्याला संजरची कथा सांगितली. म्हातारपणी त्याला आपल्याच तुर्क भाईबंदांनी पकडलं. तीन वर्षं तख्तावर बसवायचे, मुजरे करायचे आणि कुठे म्हणून जाऊ द्यायचे नाहीत.

"म्हणजे नोकरीच की हो, साहेब."

"शेवटी पळाला."

"मग?"

"वर्षभरात मेला."

खैरुद्दीनने ब्रश पुसला. "मग तुम्ही आपला रीतसरच अर्ज करा."

पण निनादचा धीर सुटला. गुरुवारी त्याने परवानगी न घेताच चौथी प्रत उभी केली : मोडकं तख्त, कैदेतला संजर, रणात पडलेला अखेरचा सुलतान तुघ्रिल. अक्रमसाहेब आले, बघत राहिले. डोळे ओले झाले.

"माशाल्ला, बहोत दर्दनाक," म्हणाले, आणि सुताराला प्लायवूड आणायला सांगितलं. "मैं अप्रूव्ह करता हूँ. बस, एनओसी चाहिए. जिनकी सल्तनत गिर रही है, उनकी तरफ से."

"सर, वो लोग आठ सौ साल पहले खलास हो गए."

"तो कोई ऑथराइज्ड सिग्नेटरी होगा. इन्शाल्ला."

शुक्रवारी सकाळी सातला निनादने कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलं :

'प्रति, सुलतान तुघ्रिल तिसरे, सल्जुक सल्तनत, मुक्काम रय, इराण. महोदय, सन ११९४ मध्ये आपण रणांगणावर पडलात व त्यासोबत आपली सल्तनत संपली, हे प्रदर्शनात दाखवण्यास आपली हरकत नसल्याचं पत्र सही-शिक्क्यानिशी, दोन प्रतींत, आज दुपारी बाराच्या आत मिळावं, ही नम्र विनंती. आपण व्यग्र असल्यास आपल्या वतीने कोणत्याही वारसाची सही चालेल. कृपया सोबत ओळखपत्राची प्रत जोडावी.'