माल बघणं म्हणजे खाणं न्हवं

आक्काताईचा जीव तिच्या धाकट्या भावाच्या पोटावर टांगला होता. उगीच वाढवून सांगत नाही, खरोखरच तसं होतं. आक्काताईच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या आणि तिचा भाऊ धरणेंद्र आपली एक किडनी द्यायला तयार होता. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. आडवं आलं ते धरणेंद्रचं पोट.

पुण्याच्या डॉक्टरनी त्याला उभं-आडवं तपासून सांगितलं, "आठ किलो वजन उतरवा. साखर काठावर आहे, ती खाली आणा. ती तशीच राहिली तर तुमची किडनी घेता येणार नाही." धरणेंद्रनं आपला गुडघा दाखवला. मागच्या उन्हाळ्यात बेदाण्याच्या शेडवरच्या शिडीवरनं तो घसरला होता, तेव्हापासनं जिना चढतानासुद्धा तोंड वाकडं करायचा. डॉक्टर म्हणाले, "मग व्यायाम राहू द्या. ताट बदला. ताट बदलूनही वजन उतरतं."

ऐकायला किती सोपं! साताऱ्याची उत्कर्षा नावाची आहाराची तज्ज्ञ पोरगी फोनवर सगळं समजावून सांगायची. भात बंद, साखर बंद, तळलेलं बंद. एक ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी, काकडी, ताक. दिवस मावळायच्या आत जेवायची सवय जैनाच्या घरात आधीपासनंच होती, तेव्हा तीही अडचण नव्हती. धरणेंद्रची बायको सुंदरी मोठ्या उमेदीनं कामाला लागली. तेलाचा डबा तिनं वरच्या फळीवर टाकला, गुळाची ढेप शेजारणीला देऊन टाकली.

तीन महिने झाले. दर सोमवारी आक्काताई भावाला गोदामातल्या काट्यावर उभा करायची. बेदाण्याचे बॉक्स मोजायचा तो काटा, खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आणि दर सोमवारी काटा तिथल्या तिथंच. कधी अर्धा किलो खाली गेला, की पुढच्या सोमवारी परत वर. साखरेचा तर आकडाच हलेना.

"आत्ता गं बया!" आक्काताई कपाळाला हात लावायची. "अरे धरण्या, हवा पिऊन फुगतोस का काय तू?"

"मला काय म्हाईत?" तो काट्यावरनं उतरत म्हणायचा. "तुझ्या समोरच तर जेवतोय. आमचं अंगच तसलं हाय, आबांच्या वळणाचं."

आणि गंमत म्हणावी की थट्टा, घरात बाकी सगळ्यांचं वजन उतरलं होतं! सुंदरीची पोलकी अंगावर लोंबायला लागली. नवऱ्याला नाही तर आपल्यालाही नको, म्हणून ती बिचारी तेच मूग गिळत होती. धरणेंद्रचा चुलत पुतण्या शंभूराज कॉलेजच्या सुट्टीला आला नि दोन दिवसांत कामाचं निमित्त काढून पळाला. फक्त ज्याचं उतरायला हवं तो गडी तसाच्या तसा, शर्टाची बटणं ताणून उभा!

आक्काताईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. तिनं काय काय नाही केलं? कोपऱ्यावरच्या भेळवाल्याला दटावलं, चहाच्या गाड्यावर चौकशी केली, गाडीच्या डिकीत हात घालून बघितला. काही सापडलं नाही. मग तिनं सुंदरीवरच डोळा धरला.

"तू चोरून तूप सोडतीस त्याच्या भाकरीवर. खरं सांग."

सुंदरीच्या हातातलं उलथणं खाली पडलं. "आक्का, तुमच्या जिवासाठी मी घरातला गूळ बाहेर काढला. आणि मी तूप सोडीन?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्काताईला आपलंच बोलणं लागलं, पण कबूल कोण करणार? ती उठून आपल्या खोलीत गेली. त्या दिवशी तिला पायावरची सूज जास्तच वाटली. मिरजेला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला जायचं, परत येऊन आडवं पडायचं, मोजून पाणी प्यायचं, ह्या सगळ्याला ती विटली होती. मरायची भीती वाटत होती, हेही खरंच. ती कुणाला सांगत नव्हती एवढंच.

आजार तर तिनं गावापासनंच लपवला होता. आक्काताईचा ताठाच तसला. नवरा गेल्यावर माहेरी येऊन भावाचं गोदाम वीस वर्षं तिनं सांभाळलेलं. बाया निवडायला बसल्या की हिच्या आवाजानं पत्रा हलायचा. लोकांनी "अरेरे, बिचारी" म्हटलेलं तिला खपणार नव्हतं. मिरजेला कशाला जाता, असं कुणी विचारलं की ती सांगायची, दातांना. वर्षभर दातांचं काय काम चाललंय, याचं लोकांना नवल वाटायचं, पण तिला पुढं विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग एका गुरुवारी सुंदरीला ताप आला नि आक्काताईला मिरजेहून आणायला धरणेंद्र स्वतः गेला. येताना तासगावच्या मार्केट यार्डात त्यानं गाडी लावली. "आक्का, सौदा चाललाय. पाचच मिनिटं. बसून ऱ्हा." आक्काताई काच खाली करून बसली. समोरच्या पत्र्याखाली बेदाण्याच्या बॉक्सांच्या रांगा मांडल्या होत्या. अडत्या ओरडत होता, व्यापाऱ्यांचा घोळका रांगेनं पुढं सरकत होता, आणि त्यात सगळ्यात पुढं धरणेंद्र.

तो बॉक्सापाशी थांबला. मूठभर बेदाणा उचलला, तळहातावर पसरून रंग बघितला. आणि तोंडात टाकला. बोली लावली. पुढचा बॉक्स. मूठ. तोंडात. हिरवा, पिवळा, लांबडा, गोल. मूठ, तोंडात. मूठ, तोंडात. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, आणि त्या अर्ध्या तासात हा बाबा जेवढा बेदाणा खाऊन गेला, तेवढ्यात एका लग्नाचा शिरा झाला असता!

धरणेंद्र येऊन बसला, गाडी सुरू केली, जिभेनं दातात अडकलेलं काहीतरी काढलं.

"काय खाल्लंस?"

"कुठं काय?"

"धरण्या, ह्या डोळ्यांनी बघितलंय मी! मुठीच्या मुठी कोंबत हुतास!"

"ते व्हय?" तो इतक्या साधेपणानं हसला, की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तिला. "ते खाणं न्हवं आक्का. माल बघणं हाय ते. चाखल्याबिगर आंबट-गोड कसं कळणार?"

"आणि पोटाला कसं कळणार, हे माल बघितलेलं हाय म्हणून?"

"आबा पण बघायचे की."

"आबा साखरेनंच गेले, गाढवा!"

त्याला ते पटलं नाही. चाळीस वर्षांत त्यानं ते खाणं म्हणून धरलंच नव्हतं. उत्कर्षानं फोनवर दिवसभरात काय खाल्लं विचारलं, की तो भाकरीपासनं ताकापर्यंत सगळं प्रामाणिकपणे सांगायचा. खोटं बोलत असता तर आक्काताईनं त्याला केव्हाच पकडला असता. खोटं बोलतच नव्हता, हीच तर पंचाईत!

मग आक्काताईला एकदम सुचलं. "चतुर्दशीला तू सौद्याला जात न्हाईस. का रं?"

"उपास असतोय."

"मग? माल बघणं म्हणजे खाणं न्हवं म्हणतोस न्हवं? जायाचं की. बघायचा की माल."

देवासमोर जे खाणं होतं ते डॉक्टरसमोर खाणं नव्हतं, हे त्याचं त्यालाच आत्ता दिसलं. गाडी त्यानं रस्त्याच्या कडेला घेतली.

"आक्का," तो म्हणाला, "म्हणजे तीन महिनं मीच..."

"व्हय. तूच." आवाज चढवायचं तिला त्राण नव्हतं. "आता चाख आणि थुंकून टाक."

"शेतकऱ्याच्या समोर? अगं, वर्षभर राबून पिकवलेला माल त्यानं हातावर ठेवायचा नि मी थुंकायचा? थुंकला म्हणजे माल टाकाऊ. पुढचा कोण बोली लावणार न्हाई त्याला."

"मग तोंडातच घालू नकोस."

"मग म्हणतील, धरणेंद्र तोंड लावायला तयार न्हाई, माल खराब असणार. तेही तेच झालं. खरं कारण सांगितलं तर चालंल. पण तूच शपथ घातलीस, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून!"

आता आली का पंचाईत? आक्काताईनं काच वर केली.

पुढच्या सौद्याला ती स्वतः गेली. सौद्याच्या गर्दीत बाई सहसा दिसत नाही, त्यात आक्काताई म्हटल्यावर चार माणसं आपसूक बाजूला झाली. पहिल्याच रांगेत कोंडीबा उभा होता. जतकडचा धनगर, मेंढरं विकून त्यानं द्राक्षाची बाग लावलेली. त्यानं मूठभर बेदाणा काढून धरणेंद्रपुढं धरला.

"खावा की शेठ."

धरणेंद्रचा हात सवयीनं पुढं गेला आणि मध्येच थांबला. तो नुसता रंग बघत राहिला. मागं कुजबूज सुरू झाली. कोंडीबाचा चेहरा पडला. "का वं शेठ? काय खोट हाय का मालात?" धरणेंद्रनं बहिणीकडं बघितलं, आणि कुणाला तोंडावर नाही म्हणायची सवय नसलेला तो माणूस मूठ घ्यायला लागला.

"धरण्या!"

पत्रा हलला. आक्काताई पुढं आली. पोलक्याची लांब बाही तिनं दंडापर्यंत वर ओढली. सुया टोचून टोचून फुगलेली, गाठी आलेली शीर सगळ्यांनी बघितली.

"दात न्हाई, किडन्या गेल्यात माझ्या," ती म्हणाली. "हा त्याची देणार हाय. पण साखर उतरली तर. तुमच्या मालात खोट न्हाई, ह्याच्या पोटात हाय. ह्याला कुणी बेदाणा देऊ नका. ह्यानं खाल्ला तर मी मरंन. बास. आता 'बिचारी' म्हणायचं असंल त्यांनी म्हणून घ्या."

अडत्यासुद्धा ओरडायचा थांबला. कोंडीबानं मूठ हळूच मिटली, बेदाणा परत बॉक्सात सोडला. मग मान खाली घालून म्हणाला, "शेठ, तुमी खानार न्हाई तर सांगतो. हा वरचा बॉक्स गोड हाय. खालचा माल जरा आंबट हाय. पावसाच्या भ्यानं घड लवकर काढलं."

धरणेंद्रनं बरी बोली लावली. न चाखता, आंबट आहे हे माहीत असून. आक्काताई मनात म्हणाली, आता हे काय नवीन खूळ!

सगळेच काही कोंडीबा नसतात. नंतर दोघा-तिघांनी त्याला आंबट माल गोड म्हणून घातला. तो घरी येऊन हातपाय आपटायचा, "जिभंबिगर व्यापार म्हणजे डोळं बांधून गाडी चालवणं!" म्हणायचा. पण यार्डात त्याचा हात बॉक्सापाशी रेंगाळला, की कुणीतरी ओरडायचंच, "शेठ, आक्का बघत्याती!" आक्का घरी पडलेली असायची तरी तो दचकून हात मागं घ्यायचा. काटा हलायला लागला. आधी पाव, मग अर्धा, मग सोमवारच्या सोमवारी खाली. द्राक्षांची छाटणी आली तोवर शर्टाची बटणं सैल झाली होती, आणि पुण्याच्या डॉक्टरनी साखर बघून 'चला' म्हटलं.

ऑपरेशन झाल्यावर कैक दिवस आक्काताईला कुणी घराबाहेर सोडलं नाही. पुढं डॉक्टरनी थोडं थोडं सगळं खायला मोकळीक दिली, तेव्हा तोंडाला मास्क लावून ती पहिल्यांदा गोदामात आली. किडन्या बिघडल्यापासनं बेदाणा, त्यातल्या पोटॅशियममुळं, तिला विषासारखा होता. बेदाण्याच्या घरात राहून दीड वर्ष तिनं एक दाणा तोंडात घातला नव्हता.

कोपऱ्यात कोंडीबाचा माल तसाच पडून होता. कुणी घेतलाच नव्हता. तिनं मास्क खाली केला, एक दाणा तोंडात टाकला. धरणेंद्र समोर उभा होता, गुडघ्यावर एक हात, कुशीवरच्या टाक्यांच्या खुणेवर दुसरा, आणि नजर तिच्या तोंडावर.

"कसा हाय?" त्यानं विचारलं. आंबट आहे हे त्यानं ऐकलं होतं, पण किती ते चाखून अजून कळलं नव्हतं.

आक्काताईचे दात आंबले. डोळे आपोआप मिटले.

"चिंच बरी!" ती म्हणाली. "असला माल कोण घेतं रं, मूर्खा?"

आणि तिनं दुसरा दाणा उचलला.