पाहुण्याचे पर

दादाच्या दुकानात पाण्यातली रोपं मिळतात, मासे मिळत नाहीत. साठ्याचा हिशोब माझ्याकडे असल्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगते. म्हणून मागच्या खोलीतल्या टाकीत रुंद पानांखाली एक मासा फिरताना दिसला, तेव्हा मी आधी दादाकडे पाहिलं.

"आईशप्पथ, मी नाही आणला," तो म्हणाला. आणि मग दिवसभर टाकीला नाक लावून बसला. मासा करंगळीच्या दोन पेरांएवढा, रंगाने मातकट. दादाने त्याचं नाव पाहुणा ठेवलं. गिऱ्हाईक पुढे ताटकळतंय आणि मालक मागे पाहुण्याची सरबराई करतोय, असं आठवडाभर चाललं.

मग परदेशी रोपं तपासणाऱ्या बाई आल्या. पाहुणा त्यांच्या नजरेतून सुटतोय होय! "वर वळलेलं तोंड, चपटं डोकं. गंबुशिया दिसतोय," त्या म्हणाल्या. गंबुशिया म्हणजे ओढ्यात शिरला की तिथल्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करणारा. तो ठेवायला बंदी. "उद्या दुपारी येते. हा दुसरा कोणी आहे असं दाखवलंत तर आनंदच आहे. नाहीतर मारावा लागेल."

दादाचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी तो वहिनीच्या मागेपुढे करायला लागला. वहिनी संग्रहालयात मासे ओळखते. बरणीतले, स्पिरिटमधले, हूं की चूं न करणारे. या नोकरीवर दादाने लग्नापासून केलेले 'मेलेल्या माशांची हाडं मोजते' छापाचे विनोद मला तोंडपाठ आहेत.

"अगं, उद्या जरा दुकानात येशील?"

"हाडं मोजायला?"

"माशाच्या परांतल्या काड्या म्हणतात त्यांना," दादा पुटपुटला.

वहिनीने भाजी ढवळायची थांबवली. इतकी वर्षं हा माणूस ऐकत होता तर!

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर दादाने कमाल करून ठेवली होती. पाहुणा नीट दिसावा म्हणून टाकीतली सगळी रोपं काढलेली, काच लख्ख पुसलेली, वर दोन झगझगीत दिवे. मधोमध पाहुणा, पांढराफटक, सगळे पर अंगाला चिकटवून.

"काय केलंत हे!" वहिनी म्हणाली. "भर चौकात उघडं उभं केलंत तर तुमचा तरी रंग राहील का?"

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी वाकून पाहिलं. "ना रंग, ना पट्टे. यावरून काय ठरवायचं?"

"काहीच नाही," वहिनी म्हणाली. "घाबरलाय तो. थोडा वेळ द्या."

दिवे मालवले, रोपं परत लावली. वहिनी स्टुलावर बसली आणि बसूनच राहिली. घरात दूध उतू गेलं तर हीच बाई तीन खोल्या दणाणून सोडते. इथे पापणीसुद्धा हलेना. हळूहळू माशाच्या अंगावर आडोशाच्या सावल्यांसारखे काळे उभे पट्टे उमटले. पण पर मिटलेलेच.

वहिनीने नजर न हलवता हात मागे केला. "अहो, आरसा."

"कुठला आरसा?"

"मिशीचा."

दादाच्या खिशात मिशीसाठी आरसा असतो, हे बाहेरच्या माणसापुढे पहिल्यांदाच निघालं. बाईंनी सभ्यपणे छताकडे पाहिलं. वहिनीने तो काचेला टेकवला आणि पाहुण्याला समोर दुसरा पाहुणा दिसला.

काय तो थाट! सगळे पर ताणून उघडले, पट्टे गडद झाले, हनुवटी खाली आली आणि गळा लालभडक. दादा "वा!" म्हणाला, जसं काही त्यानेच शिकवलं होतं.

"लाल गळा दिसला," बाई म्हणाल्या.

"रंगावर जाऊ नका. खालचा पर मोजा. गंबुशियाच्या नराचा हाच पर निमुळत्या दांड्यासारखा असतो, मादीचा आखूड, काड्या नऊ-दहा. याचा बघा केवढा लांब आहे, आणि पाठीवरचा किती मागे, शेपटीच्या जवळ."

दोघी काचेच्या दोन बाजूंनी भिंग लावून मोजायला लागल्या.

"पंधरा," वहिनी म्हणाली.

"चौदा."

"कडेची बारकी सुटली तुमची."

"तुम्ही एक दोनदा मोजली असेल."

"चौदा धरा. तरी गंबुशिया होत नाही."

बाईंनी भिंग पुसलं, पुन्हा मोजलं. "पंधरा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "एपिप्लॅटिस. पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांतला, लाल हनुवटीचा. पण आला कसा?"

"ही रोपंही तिकडचीच ना? हा मासा पानांना अंडी चिकटवतो. गंबुशिया अंडी घालत नाही, थेट पिल्लं घालतो," असं म्हणत वहिनीने आरसा काढून घेतला. "पुरे. स्वतःशीच भांडून दमेल."

दादा आपल्या बायकोकडे असा पाहत होता, की मला साठा मोजायला पुढे जावंसं वाटलं. पण त्याआधी वहिनी पानांत वाकली. "अहो, तिकडे मुळाशी बघा. पाहुणीही आहे."

तपासणीच्या बाई पर्स उचलता उचलता थांबल्या. पर्स त्यांनी परत खाली ठेवली आणि भिंग काढलं. "सरका जरा," त्या दादाला म्हणाल्या, "या वेळी आधी मी मोजणार."