सासूबाईंचा खोकला

सकाळपासून जाऊबाईंची शेळी पाहुणीसारखी गल्लीतल्या घराघरांत फिरत होती. डॉक्टरबाई जनावरं तपासायला आल्या होत्या, आणि आमच्या गावाची एक जुनी खोड आहे: आजारी जनावर परक्याला दाखवायचं नाही. व्यापारी भाव पाडतात म्हणून लागलेली ही सवय. डॉक्टर काही विकत घ्यायला येत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

धडधाकट शेळी गल्लीत एकच, जाऊबाईंची. डॉक्टरबाई पुढच्या दाराने निघाल्या की शेळी मागच्या दाराने शेजारी पोचायची. लोहारणीने भट्टीच्या काजळीने तिचे कान काळे केले. शिंप्याने तर झबलंच घातलं.

आमचं दार शेवटचं. आमची खरी शेळी आत कडब्यामागे दडवलेली. नुसता हाडांचा सापळा. मागच्या साली दोन गेल्या. ही गेली की यांना वीटभट्टीवर जावं लागणार होतं. गाठोडंसुद्धा बांधून ठेवलेलं.

मी हळूच म्हटलं, "आई, खरी दाखवू या ना."

"गप बस! चार लोकांत शोभा करायचीय का?" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाई समोर येताच झबल्यातल्या शेळीने आपणहून तोंड उघडलं. तिला आता सवयच झाली होती.

"तेरा घरं झाली," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि तेराही शेळ्यांचं डावं शिंग मोडकं."

"सगळ्या एकाच बोकडाच्या, बाई," सासूबाई म्हणाल्या.

"छान. म्हणजे आजारी कुणीच नाही. औषधं पुढच्या गावाला नेते." त्यांनी पेटी मिटली.

तेवढ्यात आतून आवाज आला, खों, खों.

"कोण खोकतंय?"

"सासूबाई," मी म्हणाले.

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेटी पुन्हा उघडली.

"किती दिवस खोकतायत?"

"वीस."

"खातात का?"

"पाला नुसता हुंगतात."

"दूध?"

"आटलंय हो."

"हगवण?"

"पुरे!" सासूबाई कडाडल्या आणि तरातरा आत गेल्या. कडबा सरकल्याचा आवाज आला. शेळीला कवेत घेऊन त्या बाहेर आल्या. "घ्या. ही मी."

गल्ली दाराशी जमली होती. मग लोहारीण घसा खाकरून म्हणाली, "आमच्याही सासूबाईंना जरा बरं नाही."

"आमच्याकडे तर दोन-दोन आहेत," शिंपी म्हणाला.

दिवस कलेपर्यंत डॉक्टरबाईंनी सतरा सासवांना औषध पाजलं. जाऊबाईंच्या शेळीचं झबलं निघालं, यांचं गाठोडं सुटलं, आणि देवाच्या दयेने वर्षाच्या आत आमच्या सासूबाईंना जुळी करडं झाली.

गल्लीभर ही बातमी त्याच सांगत फिरल्या.