चालत येऊन दाबायचे बटण

मित्रांनो, मी संगणकात राहणारी एक जुनी कामवही आहे; तुम्ही मला सॉफ्टवेअर म्हणाल. कृत्रिम पाय तयार करणाऱ्या कार्यशाळेत कोणाचे काम कुठवर आले, हे मी सांभाळत असे. तिथल्या प्रमुख मोठ्या बाई. त्यांनीच मला घडवले आणि माझ्यात 'पूर्ण' नावाचे एक बटण ठेवले. शिरस्ता असा, की ते कारागिराने दाबायचे नाही. ज्याचा पाय, त्याने लांब व्हरांडा चालत माझ्यापर्यंत यायचे आणि स्वतः दाबायचे. एका आजोबांनी तर आनंदाने तीनदा दाबले!

पुढे माझे वय झाले. मी मध्येच अडू लागले.

"बाई, ही उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो," साचेवाले काका कुरकुरत.

"उघडल्यावरही पिताच की!" बाई म्हणत. पण त्यांनाही ते पटले होते.

मग मोबाइलवर चालणारी, चटपटीत अशी नवी कामवही आली. दोन आठवडे दोघींना शेजारी चालवून बघू, मग ठरवू, असे बाईंनी सांगितले. मी घाईघाईने माझ्या सगळ्या नोंदी नीट लावून ठेवल्या.

तेव्हाच एका पोस्टमनबाईंचा पाय तयार होत होता. सोमवारी त्या कामावर हजर झाल्या नाहीत, तर त्यांची फेरी दुसऱ्याला जाणार होती. शुक्रवारी काकांनी शेवटचा स्क्रू आवळला आणि मोबाइलवर 'पूर्ण' दाबले. नवीने हिरवी खूण दिली. पाय घरपोच पाठवायच्या खोक्यात गेला. माझ्याकडे मात्र ते काम लालच राहिले.

संध्याकाळी बाईंनी दोघींना ताडून पाहिले. "काका, ही हिरवी, ही लाल. चाललं कोण?"

काकांनी जीभ चावली. "चाललं फक्त माझं बोट, बाई."

शनिवारी पोस्टमनबाईंना बोलावले. चौथ्याच पावलाला त्या थबकल्या. पाऊल किंचित बाहेर वळत होते. काकांनी ते तासाभरात सरळ केले. मग त्या व्हरांडाभर चालत आल्या, बटण दाबले आणि म्हणाल्या, "आता येऊ देत किती पत्रं येतात ती!"

दोन आठवडे संपले. बाईंनी नवीलाच ठेवले. ती खरोखरच माझ्याहून चपळ आहे. फक्त तिचे 'पूर्ण' त्यांनी मोबाइलवरून काढून व्हरांड्याच्या टोकाच्या संगणकाच्या पडद्यावर नेले. माझ्याकडे आता जुन्या नोंदी तेवढ्या उरल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू खुशाल बदला. पण त्याआधी ती तुमच्यासाठी काय जपत होती, एवढे नीट पाहून घ्या. मग तिला निरोप देताना वाईट वाटत नाही. आजही व्हरांड्यात नवी पावले वाजली, की आम्ही दोघीही कान टवकारतो.