पिवळ्या गोळ्या

कामरगावच्या बाजारातलं बांगड्यांचं दुकान योगिनी कासारणीचं, आणि हरीओम त्या कासारणीचा नवरा. हा क्रम लोकांनीच लावलेला. हरीओम माल आणायचा, गप्पा हाणायचा. पण चुडा भरायला बायांना योगिनीच लागायची. समोरचीचा हात हलकेच चुरून, अंगठा आत दाबून ती अशी बांगडी चढवायची की नवरीला कळायचंही नाही. लग्न ठरलं की लोक आधी योगिनीला विचारत, मग मंडपवाल्याला.

अशा बाईची बोटं सकाळी उठल्यावर आखडायला लागली. तेल चोळून झालं, शेकून झालं. शेवटी कारंज्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा संधिवात आहे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय.

"मलेच काहून? हे पाहा कसे धडधाकट हायेत!" योगिनीनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"बाईच्या अंगातली रोगाशी लढणारी फौज पुरुषापेक्षा तिखट असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साथीच्या तापात ती कामी येते. पण तीच उलटली तर कुंपणच शेत खातं. म्हणून या दुखण्यात बाया जास्त."

आठवड्यातून एकदा घ्यायची एक पिवळी गोळी ठरली, त्या फौजेला वेसण घालणारी. तिचा त्रास होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडची, तीही पिवळीच. पहिली चालू असेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत, अशी सक्त ताकीद.

योगिनीच्या बोटांना गोळ्यांचं पाकीट फुटेना. मग हरीओमच गोळ्या काढून डबीत ठेवायचा, सोमवार आला की तिच्या तळहातावर गोळी ठेवायचा, पाण्याचा पेला तोंडाला लावायचा. शेजारची हेमला म्हणायची, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. योगिनीलाही तसंच वाटायचं.

सुरुवातीला बोटं मोकळी झाली. पण दिवाळीनंतर पुन्हा सुजली, आणि दोन तर वाकडीच झाली. हेमलाच्या लेकीचा चुडा भरताना बांगडी योगिनीच्या हातातच तडकली, काच नवरीच्या मनगटात रुतली. "वाढवली, वाढवली," म्हणत बायांनी सावरून घेतलं. पुढच्या लग्नाच्या बाया मात्र गुपचूप दुसऱ्या दुकानात गेल्या.

योगिनी हादरली. हात गेले तर तिचं कामरगावात उरणार काय? दोघं पुन्हा कारंज्याला गेली.

"गोळ्या दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घरीच राह्यल्या," हरीओम घाईनं म्हणाला.

"असं काय करता? डबी माह्या पिशवीत हाये ना," योगिनी भाबडेपणानं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चष्म्याजवळ धरल्या. "या सगळ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या आहेत. मुख्य गोळी कुठंय?"

योगिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलांकडे पाहत होता.

"दिवाळीपासून बंद केली," तो पुटपुटला. "ते चालू असताना लेकरू होत नाही ना. माय रोज इचारून राह्यली. म्हटलं, लेकरू राह्यलं की हिले सांगू."

"अहो, बाळ हवं होतं तर मला सांगायचं! दिवस राहिले तरी चालतील अशा वेगळ्या गोळ्या असतात," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "वाकलेली बोटं आता सरळ होणार नाहीत. उरलेली वाचवू."

परतीच्या जीपमध्ये हरीओमनं तिचा हात धरायला हात पुढे केला. योगिनीनं तो ढकलला नाही, नुसता आपला हात पदराखाली घेतला. राग तर होताच. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती.

"मी काही वाईट नाही केलं," तो म्हणाला. "लेकरू तुलेही पाहिजेच होतं."

"पाहिजे होतं ना," योगिनी म्हणाली. "पण मी दर सोमवारी तुमच्यासमोर तोंड उघडत होती. तुमी देल्ली ते न पाहता गिळत होती. माह्या अंगातल्या फौजेनं मले ओळखलं नाही, तिले डोळे नाहीत. तुमी तर ओळखत होते ना मले?"

कामरगाव आलं, तशी ती त्याची वाट न पाहता उतरली.