लिस्बनला मी नाही म्हणालो होतो

लिस्बन जिंकणं हे मराठी माणसाचं राहून गेलेलं काम आहे. सतराशे एकोणचाळीस साली आपण पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि घरी परतलो. त्यांच्या राजधानीवर चाल करून जायचं कुणाला सुचलंच नाही. ती मोहीम अखेर २०१७ च्या जूनमध्ये, सिंगापूरच्या शाळांना सुट्टी लागल्यावर, आमच्या घराण्याकडे आली. फौजेत माझा मुलगा प्रबोध, सून चैत्राली, पाच वर्षांची अवनी, अकरा महिन्यांचा नील आणि त्यांची आजी, म्हणजे माझी बायको साधना. तोफखान्याच्या जागी घडीची बाबागाडी आणि डायपरची बॅग. सेनापती मी.

हे शेवटचं फक्त मला वाटत होतं.

प्रबोध जुरोंग आयलंडवर एका केमिकल कारखान्यात इंजिनियर आहे. आम्ही दोघं दर वर्षी पुण्याहून त्याच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर नातवंडं सांभाळायला जातो. त्या वर्षी आम्ही पोचल्या पोचल्याच त्याने जेवताना विषय काढला.

“बाबा, जूनमध्ये लिस्बनला जायचं म्हणतोय. तुम्ही येणार?”

मी म्हणालो, “मला कशाला रे या वयात? तुम्ही जा.”

याचा अर्थ काय होतो हे पुण्यातलं कुठलंही शेंबडं पोर सांगेल. याचा अर्थ ‘हो’. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की ‘बघू’ म्हणायचं, आणि मग कुणीतरी ‘तुमच्याशिवाय मजा नाही हो’ म्हणालं की एक उसासा टाकून, जगावर उपकार केल्यासारखं यायचं. पोह्यांची दुसरी बशीसुद्धा आम्ही याच मार्गाने मिळवतो.

साधनाला विचारलं तर ती म्हणाली, “येईन की.” पहिल्याच फटक्यात. इतकी वर्षं पुण्यात काढून! मला संकोचल्यासारखं झालं.

दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघता बघता मी तयारीला लागलो. चैत्राली रोज रात्रीच्या जेवणाला फोनवरून माहिती वाचून दाखवायची. लिस्बनमध्ये टेकड्याच टेकड्या आहेत. रस्ते बारक्या गुळगुळीत दगडांचे, बाबागाडी त्यावर चालत नाही, नुसती थरथरते. पिवळ्या ट्रामला गर्दी. तान्हं मूल असेल तर सरळ अंगाला बांधून चढा. हे ऐकून मी मनाशी ठरवलं, नीलला मी बांधणार.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी नीलला त्या पट्ट्यांच्या झोळीत घालून पोटाशी बांधायचा आणि आमच्या ब्लॉकचा जिना चढायचा, बाराव्या मजल्यापर्यंत. पाचव्या मजल्यावरच्या चिनी आजीबाईंनी एकदा सिंगापुरी इंग्रजीत काळजीने विचारलं, “अंकल, लिफ्ट स्पॉइल आह?”

“नो,” मी म्हणालो. “लिस्बन.”

चढताना धाप लागली की आपण बोलत राहावं, म्हणजे ती लक्षात येत नाही. माझ्याकडे बोलण्यासारखं म्हणजे तक्रारी. त्या मी आयुष्यभर वर्तमानपत्रात लिहिल्या, आता नीलला सांगू लागलो. पुण्याचं पाणी, माझा शेवटचा परिच्छेद नेमका कापणारे संपादक, सिंगापुरात मिळणारा आंबा. सहाव्या मजल्यापर्यंत नील गाढ झोपलेला असायचा. माझ्या लेखनाबद्दल समीक्षक पूर्वी जे म्हणत, त्याचा हा पहिला जिवंत पुरावा. पुढे पुढे तर तो दुपारीही माझी कुरकुर ऐकल्याशिवाय डोळा मिटेना.

“बाबा, तुमच्याशिवाय तो झोपतच नाही हो,” चैत्राली म्हणाली.

हे मी दुसऱ्यांदा विचारणं धरलं आणि म्हणालो, “बघू.”

एका सकाळी सगळी व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेली. मला नेलं नाही. मला वाटलं, लेखकांना सूट असेल.

निघायला आठवडा उरला होता. अवनी चित्र रंगवत बसली होती. मी तिला म्हणालो, “हे बघ, ट्राममध्ये खिडकीची जागा माझी.”

तिने मानही वर केली नाही. इथल्या शाळेत शिकलेल्या इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, यू नॉट कमिंग, लाह.”

“कोण म्हणालं?”

“यू सेड नो, व्हॉट. बाबाने आस्क केलं, यू सेड नो. मी भेंडी खात होते.”

संध्याकाळी प्रबोध कंपनीच्या बसमधून उतरून वर आला, त्याला मी बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

“मी लिस्बनला येतोय की नाही?”

“बाबा, तुम्ही नाही म्हणालात ना?”

“म्हणालो.”

“मग?”

“मग काय मग? परत विचारायचं!”

“परत कशाला? तुम्ही नाही म्हणालात, मी चार तिकिटं काढली. नील मांडीवर.”

“अरे, मी तुझं पोर पोटाला बांधून रोज बारा मजले चढतोय!”

“मला वाटलं, शुगरसाठी.”

“आणि मला वाटलं, हौसेने,” चैत्राली म्हणाली. तिचे डोळे खरंच भरून आले होते, त्यामुळे तिच्यावर ओरडताही येईना. “ऑफिसात सगळ्यांना सांगायचे मी, आमचे बाबा बघा.”

मी आधी सिंगापूरला दोष दिला. या शहराने नऊ वर्षांत माझ्या मुलाचं वाटोळं केलं. इथे नाही म्हणजे नाहीच धरतात. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, ‘चिली नको’ म्हणालात, तर खरंच घालत नाहीत. पण साधना काही इथे नऊ वर्षं राहिली नव्हती. ती पलंगावर बसून नीलची लाळेरी घड्या घालून बॅगेत भरत होती.

“हा इथे राहून बिघडला,” मी म्हणालो. “तुला तर माहीत होतं, माझ्या नाहीचा अर्थ काय ते.”

“होतं की.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने हातातलं लाळेरं नीट बसवलं. “लग्न झाल्यापासून तुमच्या नाहीचं हो मीच करत आलेय. ‘ते असंच म्हणतात, वाढा अजून थोडं.’ माझ्या भावाच्या लग्नात तेच, महाबळेश्वरला तेच, डोळ्यांच्या डॉक्टरांकडेसुद्धा तेच. म्हटलं, एकदा तुमच्या नाहीला नाहीच राहू द्यावं. बघू तरी काय होतं.”

“काय झालं?”

“मला खिडकीची जागा मिळाली.”

घरभेदी म्हणतात ते हेच. वसईच्या किल्ल्यातसुद्धा इतक्या शांतपणे कुणी दार उघडलं नसेल.

प्रबोध दाराशी उभा होता. “बाबा, आता व्हिसा मिळायचा नाही. पुढच्या वेळी नक्की नेतो.”

“मला कशाला,” मी म्हणालो. सवयीने गेलं तोंडून. परत कुणी विचारलं नाही.

ती सगळी गेली. जाताना मला गुरुवारी एसीवाला येणार असल्याचं आणि कढीपत्त्याला पाणी घालायचं सांगून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात खुंटीकडे गेला. झोळी लिस्बनला गेली होती. तसाच जिना चढायला निघालो, तर तिसऱ्या मजल्यावरच गुडघे बोलू लागले. नील पोटाशी असताना ते कधी बोलले नव्हते. खाली आलो आणि दिवसभर कढीपत्त्यासमोर भाषणाची तयारी केली. फोन येईल तेव्हा एकेकाला नाव घेऊन सुनावायचं होतं. कढीपत्त्याला ते पटलेलं दिसलं.

फोन तिसऱ्या दिवशी आला. माझे रात्रीचे आठ, त्यांची दुपार. पडद्यावर आधी नुसतं रडणं आलं, मग माणसं. कुठल्याशा टेकडीच्या पायऱ्यांवर सगळी बसली होती. प्रबोध बाबागाडी डोक्यावर घेऊन उभा. नील चैत्रालीच्या पोटाशी बांधलेला, लालबुंद होऊन किंचाळत होता. मागे पार खाली पाण्याचा एक निळा तुकडा दिसत होता. वसईला निघालेली जहाजं तिथूनच सुटली असणार. तो तुकडाही अवनीने आपलं तोंड मध्ये घालून झाकला.

“आजोबा! हिअर ऑल्सो गॉट एग टार्ट!”

“अवनी, बाजूला हो,” मी म्हणालो. “मला बोलायचंय. सगळ्यांनी ऐका. मी आवाज चढवणार नाही. ज्या घरात बापाला एकदाच विचारलं जातं, त्या घरात बापाने काय समजायचं? आमचे वडील तर तीनदा विचारल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत, आणि तीनदा विचारणारी माणसं तेव्हा घरात होती. प्रबोध, तू इंजिनियर झालास, पण माणसाच्या नाहीला किती मजले असतात हे तुला कुणी शिकवलं नाही. आणि साधना, तू...”

मी बोलत गेलो. एकेक शब्द सावकाश, वजन देऊन. पलीकडचा गलका कमी होत होत थांबला. प्रबोधने बाबागाडी अलगद खाली ठेवली. कुणी हूं की चूं करेना. लागलं म्हणायचं, मला वाटलं.

मग फोन साधनाच्या हातात गेला. तिचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला, डोळे मोठे झालेले. आता ती माफी मागणार हे उघड होतं. तिला द्यायचं पहिलं नाही मी तयार ठेवलं.

“अहो,” ती कुजबुजली, आणि तिने फोन खाली वळवला. नील तोंड उघडं टाकून झोपला होता.

“उद्या याच वेळेला परत रागवाल का? एवढंच, असंच सावकाश.”