दोन्या फ्रोसीचा बाजार

मोलेच्या, म्हणजे मिरची-मसाल्यांच्या दाट रश्शाच्या, वाटणाचा ढीग वरून कोरडा दिसला तरी पायथ्याशी तेलाचं बारीक कडं धरतो. ऊन वाढलं की ते कडं रुंदावतं आणि त्यात मिरचीचा लाल रंग उतरतो. ग्रिसेल्दा ते कडं बघत उभी होती, कारण तिला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिची आई, दोन्या एउफ्रोसिना, काळ्या मोलेची चव घेत होती. त्याआधी बदामाच्या मोलेची घेऊन झाली होती, भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या मोलेची झाली होती. विकत मात्र काहीच घेतलं नव्हतं.

“हं,” आई जीभ टाळूला लावून म्हणाली. “यात केळं जास्त झालंय.”

“झालंय खरं,” दुकानदारीण म्हणाली आणि तिनं पुढच्या ढिगाची चव टॉर्टियाच्या तुकड्यावर काढून दिली. “हा बघा बरं.”

“आई, आपण टमाटे घ्यायला आलोय.”

“मग? टमाटे काय पळून चाललेत?”

टमाटे पळत नव्हते, वेळ पळत होता. वसंतात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून आई साकात्लान गावाहून मेक्सिको सिटीत आली, आणि आता पावसाळा सरत आला तरी इथेच होती. तिकडचं घर कुलूपबंद. ते भाड्यानं घ्यायला एक शिक्षक जोडपं तयार होतं, पण त्यांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. तिकडून भाऊ आन्सेल्मो रोज विचारायचा, आई परत येणार की नाही? इकडे ग्रिसेल्दानं मागची खोली रिकामी करून पिवळ्या रंगानं रंगवून घेतली होती. आईनं राहावं असं तिला मनापासून वाटत होतं. राहायचं नसेल तर तसं सांगावं, एवढंच तिचं म्हणणं. पण विषय काढला की आईचं ठरलेलं, “अजून शोचिमिल्कोचे कालवे बघायचे राहिलेत.” शोचिमिल्को झालं. मग म्हणे, ती हिरवी बस शेवटी कुठे जाते ते बघून येते. गेलीसुद्धा, आणि दिवेलागणीला पिशवीभर सीताफळं घेऊन परतली. ग्रिसेल्दा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. घर आणि प्रयोगशाळा यांच्या मधलं शहर सोडलं तर बाकीचं तिनं धड पाहिलंही नव्हतं.

मिरच्यांच्या गल्लीत दोघींना ठसका लागला. मागून ढकलगाडीवाला ओरडला, “आला धक्का! आला धक्का!” ग्रिसेल्दा वळून बघेपर्यंत आईनं कोपराला धरून तिला पोत्यांच्या मध्ये ओढलं. कांद्यांनी लादलेली गाडी तिच्या अंगावर फक्त वारा टाकून गेली.

“इथे डावीकडून चालायचं असतं,” आई म्हणाली. “उजवीकडून ते येतात.”

“तुला काय माहीत?”

तेवढ्यात चीजवाल्यानं हाक मारली, “दोन्या फ्रोसी! आज लेकीला आणलंत वाटतं?”

“लेकीनं मला आणलंय,” आई म्हणाली. “घाईत आहे ती. गुडघा कसाय बायकोचा?”

“तोंड बरंय, गुडघा तसाच.”

दोऱ्यासारख्या चीजच्या गुंडाळीचा एक पदर सोडवून त्यानं आईच्या हातावर ठेवला. ग्रिसेल्दालाही दिला. चीज ताजं, खारट, दाताखाली कुरकुरणारं होतं. रागात असूनही तिनं ते शेवटच्या धाग्यापर्यंत खाल्लं, आणि त्याचाही तिला राग आला.

“तू इथे किती वेळा आलीयेस?”

“येते अधूनमधून.”

पुढे भाजीच्या निवडुंगाच्या पानांवरचे काटे तासत बसलेल्या बायकांनीही हाक मारली. “ए गोरे, ये की इकडे!” आई मडक्यासारखी काळीसावळी, पण ऐटीत वळली. “गोरी म्हणालीस, आता घ्यावंच लागणार,” म्हणून तिथे थांबली. काहीच घेतलं नाही.

फोन वाजला. आन्सेल्मो.

“बोलली का काही?”

“भोपळ्याची फुलं हुंगतेय.”

“दे तिला फोन!”

ग्रिसेल्दानं फोन पुढे केला. “त्याला म्हणावं, माझे हात भरलेत,” आई म्हणाली. तिच्या हातात एक फूल होतं.

“आन्सेल्मो, तुला थोड्या वेळानं करते,” म्हणून ग्रिसेल्दानं फोन बंद केला आणि मग तिचा तोल सुटला. “आई, हे बास झालं! तो तिकडे त्या मास्तरांपुढे तोंड लपवतोय, मी इकडे खोली रंगवून बसलेय, आणि तू सगळ्या शहराच्या चवी घेत हिंडतेस. हो म्हण, नाही म्हण, काहीतरी म्हण!”

शेजारची बाई मक्याची कणसं सोलायची थांबली. आईनं फूल हलकेच टोपलीत परत ठेवलं.

“ओरडू नकोस. लोक मला ओळखतात इथे.”

टमाटे घेऊन झाल्यावर वाटेत अव्होकाडोवाला लागला. आईनं तीन मागितले.

“कधी खायचेत?” त्यानं विचारलं. अंगठा देठापाशी टेकवून तो थांबला. दिवस कळल्याशिवाय तो फळ उचलत नसे.

आईनं एकवार गल्लीच्या टोकाकडे बघितलं. हा माणूस घाई करत नव्हता. ढिगावर हात ठेवून नुसता उभा होता.

“आजचेच द्या हो,” ग्रिसेल्दा वैतागून म्हणाली.

“थांब,” आई म्हणाली. “एक आजचा द्या, हिच्या घरी. दोन गुरुवारचे, माझ्यासाठी.”

त्यानं एक मऊ निवडला, दोन कडक. ग्रिसेल्दा त्या कडक फळांकडे बघत राहिली.

“गुरुवारी तू इथेच आहेस?”

“इथेच. आन्सेल्मोला सांग, घर देऊन टाक मास्तरांना.”

ग्रिसेल्दाच्या खांद्यांवरचं ओझं एकदम उतरलं. तिनं तिन्ही फळं आपल्या पिशवीत टाकायला हात पुढे केला. आईनं कडक दोन काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली.

“तुझी खोली छान आहे गं, पोरी. पण तिथून इथे यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत, गच्चीला लागून एक खोली बघितलीय मी. बुधवारपासून मी तिथे राहणार आहे, एकटी.”